थंडी साहेबाची, बाग आपली

डिसेंबर उजाडतो, सकाळी फिरायला निघणाऱ्यांच्या कानांवर मफलर चढतात आणि त्यांच्या मागोमाग बागेचा हिवाळी सल्लाही बाहेर पडतो. रविवारच्या पुरवणीत तो छापून येतो, नर्सरीवाला रोपाबरोबर तोंडी देतो, सोसायटीच्या बैठकीत बागेची हौस असलेलं कुणीतरी तो वाचून दाखवतं. सल्ला तीन कलमांचा असतो. झाडं प्लास्टिकने झाकून घ्या. वाळलेलं छाटून, पालापाचोळा झाडून बाग लख्ख करा. आणि थंडीने काकडणाऱ्या पाखरांसाठी गच्चीवर दाणे टाका.

तिन्ही कलमांमागे माया आहे, म्हणून त्यांना सहसा कुणी हात लावत नाही. तो लावायला हवा. ही कलमं ज्या बागेसाठी तयार झाली ती बाग पुण्या-नाशकात नाही, इंग्लंडात आहे. तिथल्या थंडीचं औषध इथल्या बागेला पाजलं, तर झाडाला त्रास होतो आणि ज्या पाखराच्या नावाने दाणे टाकले त्याच्या चोचीत काहीच पडत नाही.

या सल्ल्याला उत्तर म्हणून काही जण खांदे उडवून सांगतात, “आपल्याकडे कुठली आलीय थंडी!” हे उत्तरही चुकीचंच. पुण्याच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश तापमान नोंदलं गेलं. नाशिकचा पारा १९४५च्या जानेवारीत अर्ध्या अंशाच्या आसपास उतरला होता. जुन्या काळची गोष्ट म्हणून हे सोडून द्यावं, तर २९ डिसेंबर २०१८ला नागपूरने ३.५ अंश पाहिले आणि त्याच आठवड्यात निफाडला पारा दोन अंशांच्या खाली गेला. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याची बातमी तर बहुतेक हिवाळ्यांत येते. रावेर-यावलच्या केळीवाल्याला थंडी आहे की नाही, हे विचारून पाहावं. पारा दहा-बारा अंशांखाली रेंगाळला की त्याच्या बागेची वाढ थबकते, पानं पिवळी पडतात, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, लांबते. थंडी आहेच. प्रश्न एवढाच की ती कोणत्या जातीची आहे.

इंग्लंडच्या थंडीची जात वेगळी. डिसेंबरअखेरीस लंडनचा दिवस आठ तासांचाही भरत नाही. ब्लू टिट हे तिथल्या परसातलं नेहमीचं पाखरू अकरा ग्रॅमच्या आसपास वजनाचं. सोळा तासांच्या रात्री अंगातली ऊब टिकवताना त्याच्या वजनाचा दहावा हिस्सासुद्धा जळून जाऊ शकतो. सकाळी उठून तो भरून काढायचा, तर जमीन बर्फाखाली गेलेली आणि किडे दिसेनासे झालेले. १९६२च्या नाताळात सुरू झालेला बर्फ तिथे मार्चपर्यंत ठाण मांडून होता. त्या एका हिवाळ्यात रेन या चिमुकल्या पक्ष्याची संख्या भयंकर घटली. हाच रेन थंडीत दाटीवाटीने झोपतो. १९६९च्या हिवाळ्यात नॉरफकमध्ये लाकडी घरट्याच्या एकाच पेटीत ६१ रेन मोजले गेले. अशा देशात खिडकीबाहेर शेंगदाणे आणि चरबीचे गोळे टांगणं ही जीव वाचवणारी गोष्ट ठरते. त्यात हसण्यासारखं काही नाही.

आता पुणं घ्यावं. वर्षातला सगळ्यांत लहान दिवससुद्धा इथे अकरा तासांचा. पहाटे आठ अंश असलेला पारा दुपारी अठ्ठावीसला टेकतो. सकाळी नऊच्या उन्हात माश्या उडू लागतात, अडुळशाच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात, कोरांटीवर शिंजीर लटकतो. रानात हुरडा भरलेला, बांधावर बोरं पिकत आलेली. पुढे पळस, पांगारा आणि काटेसावर एकामागून एक फुलतात आणि पाखरांची पंगत थेट मार्चपर्यंत उठत नाही. महाराष्ट्रात पाखरांची खरी ओढाताण होते ती एप्रिल-मे महिन्यांत, पाण्यावाचून. हिवाळा हा त्यांच्या सुगीचा काळ आहे. म्हणून तर मध्य आशियाच्या थंडीला कंटाळलेली पाखरं इथे येतात. सोलापूरकडच्या ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्या पाहाव्यात. त्या ज्या थंडीपासून पळून आल्या, तीच थंडी इथे आहे असं धरून त्यांना वाचवायला निघणं म्हणजे माहेरी आलेल्या लेकीला सासरच्या हालांबद्दल धीर देत बसण्यासारखं आहे.

तेव्हा तिसऱ्या कलमापासूनच सुरुवात केलेली बरी. दाणे टाकायचे, पण कुणाला?

हिवाळ्यात बागेत जे पाहुणे येतात त्यांची यादी करावी. कृष्ण थिरथिरा हिमालयातून आणि त्यापलीकडच्या डोंगराळ मुलखातून येतो, कुंपणाच्या भिंतीवर बसतो आणि शेपटी थरथरवत खाली उतरून किडा टिपतो. करडा धोबी ओल्या जमिनीवर शेपूट आपटत चालतो. लाल छातीचा माशीमार आंब्याच्या खालच्या फांद्यांत माश्या पकडतो. वटवटे झुडपांच्या आत, दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येतात. यांतला एकही दाणे खाणारा नाही. बाजरीचं अख्खं पोतं ओतलं तरी थिरथिऱ्याला त्याचा उपयोग शून्य. बारमाही रहिवाशांतही दयाळ, शिंपी आणि नाचरा हे किड्यांवर जगतात, तांबट फळांवर आणि शिंजीर मधावर. गच्चीवरच्या दाण्यांचे लाभार्थी मोजून तीन-चार: कावळा, साळुंकी, थोड्याफार चिमण्या आणि बाकी सगळे पारवे.

पारव्यांना मदतीची गरज आहे का? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३च्या अहवालात देशातल्या बऱ्याच पक्ष्यांची पीछेहाट दिसते. जे मोजके पक्षी वाढताना दिसतात त्यांत पारवा आहे. शहरातल्या दयेचा बहुतेक वाटा ज्याला मिळतो त्याला ती सगळ्यांत कमी लागते, आणि तो बागेत शिरला की लहान पाखरं काठावर ढकलली जातात. पारव्यांना चारा घालण्याचा वाद मुंबईत किती पेटू शकतो, हे २०२५च्या ऑगस्टमध्ये दिसलंच. महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, जमावाने ती ताडपत्री ओढून काढली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गाजत राहिलं. एका बाजूला श्रद्धा, दुसऱ्या बाजूला विष्ठेमुळे होणारे फुप्फुसांचे आजार. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. गच्चीवर दाणे टाकताना आपण हिवाळी पाहुण्यांना जेवू घालतो आहोत, हा गैरसमज मात्र सोडायला हवा.

यावर कुणी म्हणेल, साहेब इतकी वर्षं घालतो आहे, त्याचं काय बिघडलं? बिघडलं. २००५च्या सुमारास ब्रिटनमधल्या ग्रीनफिंच पक्ष्यांत घशाचा एक परजीवी रोग दिसू लागला. उष्टं दाणापाणी हा त्याच्या प्रसाराचा एक रस्ता, आणि एकाच ताटलीवर गर्दी करून खाणारी पाखरं त्याला आयती सापडली. एके काळी घरोघरी दिसणारा हा पक्षी २०२१ साली तिथल्या लाल यादीत गेला. आता तिथले जाणकारच ताटली नेमाने धुवा, जागा बदला, सपाट फळीवर दाणे पसरू नका असं बजावत असतात. आपण मात्र त्यांचा जुना धडा गिरवतो आहोत, आणि तोही ताटली न धुता.

पहिलं कलम प्लास्टिकचं. त्यात एक साधी भौतिकशास्त्रीय चूक आहे. आपल्याकडची कडाक्याची रात्र बहुधा निरभ्र आणि निवांत असते. जमीन दिवसभर कमावलेली ऊब उघड्या आभाळाकडे फेकत राहते आणि गार झालेली जड हवा सखल भागात साचते. म्हणूनच वेण्णा तलावाकाठच्या गवतावर दव गोठतं तेव्हा गावातला तापमापक अनेकदा शून्याच्या बराच वर असतो. जमिनीलगतचं पान आणि माणसाच्या उंचीवरचा पारा यांत काही अंशांचं अंतर पडतं. पातळ पॉलिथिन ही निसटणारी ऊब फारशी अडवत नाही, ती बरीचशी आरपार जाते. पान जिथे प्लास्टिकला चिकटतं तिथे तर ते उघड्यावरच्या पानाइतकंच गारठतं. आत साचलेल्या ओलीवर बुरशी पोसली जाते, आणि सकाळी दहाच्या उन्हात तोच कागद रोपाला वाफवून काढतो. रात्र-दिवसात वीस अंशांचा फरक असलेल्या मुलखात हा दुहेरी मार आहे. इंग्लंडात दिवसाही ऊन नसतं, म्हणून तिथे काही दिवस झाकलेलं रोप निभावून नेतं.

झाकायचंच असेल तर जुनं सुती लुगडं किंवा धोतर चांगलं. चार काठ्या रोवून, पानांना न लागता, संध्याकाळी पसरायचं आणि ऊन वर आलं की काढायचं. हा उपायही सगळ्यांसाठी नाही. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता ही झाडं थंडीत वाढ थांबवून बसतात, एवढंच. त्यांना झाकण्याऐवजी त्यांचं पाणी कमी करावं. थंडीत कुंडीतलं रोप पाण्यावाचून मरतं त्यापेक्षा अति पाण्याने मुळं कुजून मरण्याची शक्यता जास्त. खरी जपणूक लागते ती पपईला, केळीला, मिरची-वांग्याच्या कोवळ्या रोपांना आणि अंगणातल्या तुळशीला. तुळशीचं लग्न लागलं की थोड्याच दिवसांत ती मान टाकू लागते. तिच्या वाळत्या मंजिऱ्या खुडाव्यात, पाणी सकाळी घालावं, कुंडी दक्षिणेच्या उन्हात आणि भिंतीच्या आडोशाला न्यावी. दिवसभर तापलेली विटांची भिंत रात्री जी ऊब परत देते ती कोणत्याही प्लास्टिकहून भरवशाची.

हे ज्ञान कुठून आणावं लागत नाही, ते शेतकऱ्यांकडे आहेच. निफाडच्या द्राक्षबागाईतदाराचा मणी थंडीने तडकला तर वर्षाचं उत्पन्न जातं, त्यामुळे त्याला हौसेचे उपाय परवडत नाहीत. तो पहाटे ठिबक चालवतो, कारण विहिरीचं पाणी रात्रीच्या हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते. बागेत तो शेकोट्या पेटवतो, आणि त्यांचा फायदा धुरापेक्षा आगीच्या उबेचा आणि त्या उबेने हललेल्या हवेचा असतो. जळगावकडे केळीभोवती शेवरीची दाट ओळ लावून गार वारा अडवतात, घडांवर पिशव्या चढवतात. या सगळ्यातून परसबागेने घ्यायचं ते थोडकं आहे: मातीला ओल हवी, पानांना नको, आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा हवा. संध्याकाळी पाइप धरून झाडांना ‘आंघोळ’ घालण्याची सवय यात बसत नाही. रात्रभर ओली राहिलेली पानं गारठतात आणि बुरशीला आमंत्रण देतात.

राहिलं मधलं कलम, स्वच्छतेचं. तिन्हींत सर्वांत निरुपद्रवी वाटणारं हेच कलम सर्वांत जास्त नुकसान करतं.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरमध्ये उरकलेली असते, द्राक्षाच्या छाटणीला तर ‘ऑक्टोबर छाटणी’ असंच नाव आहे. डिसेंबर-जानेवारीत कात्री हातात घेऊन जे बाकीचं सगळं कापलं जातं ते झाडाचं पांघरूण असतं. बाहेरची करपलेली पानं आतल्या कोवळ्या शेंड्याला आडोसा देतात. ती काढली, छाटणीमुळे नवी फूट आली, की पुढच्या थंड रात्री तीच आधी जळते. जळलेलं झाडसुद्धा थंडी सरेपर्यंत तसंच ठेवावं, फेब्रुवारीत जिवंत-मेलेलं आपोआप कळतं. पालापाचोळ्याचंही तेच. बुंध्याभोवती चार बोटं जाड पानांचा थर घातला तर माती रात्री ऊब सोडत नाही आणि दुपारी ओल सोडत नाही. आच्छादन म्हणून लोक विकतचा काथ्या आणतात आणि झाडाने फुकट दिलेलं आच्छादन झाडूवाल्याच्या ढिगात घालतात. तो ढीग सकाळी कोपऱ्यात पेटतो. असं उघड्यावर जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली आणि दंडही ठरवला, साधा पाच हजारांचा आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजारांचा. तरी जानेवारीतल्या कुठल्याही शहराच्या सकाळी त्या धुराचा वास येतोच.

आणि त्या पानांखालीच तर पाखरांचं जेवण होतं. सातभाईंची टोळी बागेत उतरली की पाहावं. कलकलाट करत एकेक पान उलटतात, खालची अळी उचलतात, पुढच्या पानाकडे वळतात. दयाळ तिथेच किडे वेचतो. थिरथिरा भिंतीवरून नजर लावून बसतो तो त्याच पाचोळ्यावर. वाळलेल्या गवताच्या तुऱ्यांवर मुनिया लोंबकळतात. झुडपाच्या गचपणात रात्री शिंपी आणि वटवट्या वारा चुकवून झोपतात. लख्ख बागेत यांतलं काही उरत नाही, मग त्यांच्या पोटासाठी गच्चीवर दाणे टाकावे लागतात, जे त्यांतले बहुतेक खात नाहीत. दुसऱ्या कलमाने घास काढून घ्यायचा आणि तिसऱ्याने भलत्याच्याच तोंडात भरवायचा, असा हा कारभार आहे.

म्हणून झाडांची राखण आणि पाखरांची राखण ही दोन वेगळी खाती मानणंच चुकीचं. बुंध्याशी पसरलेला पाला मुळांना ऊब देतो आणि सातभाईंना अळ्या. न छाटलेलं झुडूप शेंड्याला आडोसा देतं आणि शिंप्याला अंथरूण. फवारणी थांबवली की माशीमाराला माशी मिळते आणि माशीमार मावा-तुडतुड्यांवर नजर ठेवतो. एकाच कामातून दोन्ही साधतात, आणि ते काम बहुतांशी न करण्याचंच आहे.

हरकती येतील, आणि त्या खोट्या नाहीत. पाचोळ्यात साप-विंचू येतील ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय असा की दारापाशी, मुलांच्या खेळण्याच्या जागी आणि पायवाटेवर पाला ठेवू नये, कुंपणाकडच्या वाफ्यांत ठेवावा आणि तिथे हात घालताना काठी वापरावी. पाण्याच्या भांड्यात डासांची पैदास होईल, हेही खरं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटायला आठवडाभर तरी लागतो. दोन दिवसांआड भांडं घासून पाणी बदललं तर त्याला तेवढा अवधीच मिळत नाही. पाणी मात्र ठेवावंच, बोटभर खोल, पसरट भांड्यात. जानेवारीपासून डबकी आटू लागतात आणि दाण्यांपेक्षा पाण्याला येणारे पाहुणे कितीतरी अधिक. बुलबुल पेरू कोरतात, ही तिसरी तक्रार. कोरतात. खाण्याचे पेरू कागदी पिशवीत बांधावेत, शेंड्याकडचे चार त्यांना सोडावेत.

हिवाळ्यात पाखरांवर खरोखर दया करायची असेल तर एक काम मात्र हात हलवून करण्याजोगं आहे, आणि त्या तीन कलमांत त्याचा उल्लेखही नसतो. महाराष्ट्रातल्या शहरांत जानेवारीत पाखरांच्या जिवावर उठतो तो मांजा. येवल्यात, नागपुरात, नाशकात संक्रांतीला पतंगांनी आभाळ भरतं आणि नंतर महिनोन्महिने तुटका दोरा झाडांत लटकत राहतो. नायलॉनचा मांजा कुजत नाही, सहज तुटत नाही. त्यात पंख अडकलेलं पाखरू रात्रभर उलटं लोंबकळून मरतं. हरित लवादाने २०१७च्या जुलैत त्यावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीच्या तोंडावर पोलिसांना रिळं जप्त करावीच लागतात. सोळा जानेवारीला ज्या सोसायटीतली मुलं काठीला आकडा बांधून झाडांतला मांजा उतरवतात, तिने दाण्यांच्या शंभर पिशव्यांहून जास्त जीव वाचवले असं म्हणायला हरकत नाही.

साहेबाकडून काही घ्यायचंच असेल तर त्याची मोजायची सवय घ्यावी. ब्रिटनमध्ये १९७९पासून जानेवारीअखेर लोक परसात तासभर बसून पक्षी मोजतात. नियम साधा: दिवसभरात दिसलेल्यांची बेरीज करायची नाही, एका वेळी एकत्र दिसलेला सर्वांत मोठा आकडा लिहायचा, म्हणजे तोच पक्षी दहादा मोजला जात नाही. भारतातही २०१३पासून फेब्रुवारीतल्या चार दिवसांत परसातल्या पक्ष्यांची गणना होते आणि तिला पंधरा मिनिटंही पुरतात. थिरथिरा तोवर इथेच असतो. हे पाहुणे वाट चुकून आलेले नसतात. मुंबईतल्या एकाच छोट्या हिरवळीवर कडं घातलेला करडा धोबी हिवाळ्यामागून हिवाळे परत आल्याची नोंद सालीम अली यांनी करून ठेवली आहे. त्याला ती हिरवळ ठाऊक होती. कुणाच्या कुंपणावरचा थिरथिराही असाच गेल्या वर्षीचा असू शकतो, आणि यंदा उतरल्यावर त्याला तिथे पाचोळ्याऐवजी झाडून काढलेली उघडी माती दिसली असेल.

तेव्हा येत्या फेब्रुवारीत पंधरा मिनिटं खुर्ची टाकून बसावं आणि दोन रकाने आखावेत, एक गच्चीसाठी आणि एक कुंपणाजवळच्या न झाडलेल्या वाफ्यासाठी. पहिल्यात पारव्यांचा आकडा भरेल. दुसऱ्यात कदाचित एकच शेपटी थरथरताना दिसेल, सात सातभाई आणि एखादा दयाळ. तो कागद जपून ठेवावा. डिसेंबरच्या बैठकीत तीन कलमं पुन्हा वाचली जातील, तेव्हा तो टेबलावर ठेवता येईल.